तांबेऱ्याचा माग

माळव्यातील अथवा नर्मदाकाठच्या शेतकऱ्याला तांबेरा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. ओंबीत दाणा भरू लागावा आणि त्याच सुमारास पानांवर व कांड्यांवर विटकरी रंगाचे बारीक फोड उठावेत. शेतातून जाणाराच्या वस्त्रांना तांबडी भुकटी लागावी आणि खळ्यावर पोहोचेपर्यंत दाणा चिमून जावा, असा हा रोग आहे. 1827 ते 1832 या काळात नर्मदेच्या खोऱ्यात त्याने केलेल्या नाशाची हकीकत स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. मैलोगणती पसरलेला गहू कापणीचा खर्चही निघणार नाही म्हणून लोकांनी शेतातच सोडून दिला होता. पुढे 1946-47 च्या हंगामात मध्य भारतावर तोच प्रसंग पुन्हा ओढवला.

हा रोग एका बुरशीमुळे होतो, ही गोष्ट शास्त्रज्ञांना पूर्वीच ठाऊक झाली होती. कोडे निराळेच होते. ही बुरशी हिरव्या, जिवंत रोपावरच वाढते. आपल्या सपाट प्रदेशात चैत्र-वैशाखात गहू कापला जातो आणि त्यानंतरच्या उन्हाच्या तापात बुरशीचे बीजाणू टिकत नाहीत. मग पुढच्या हिवाळ्यात रोग येतो कोठून?

युरोपात या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. काळ्या तांबेऱ्याची बुरशी आपल्या आयुष्यातील एक अवस्था बार्बेरीच्या झुडपावर काढते, हे डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने 1865 साली दाखविले. अमेरिकेने तर 1918 पासून ही झुडपे उपटून काढण्याची मोठी मोहीमच आरंभिली. आपल्या हिमालयातही बार्बेरीच्या जाती आहेत. दारुहळद ही त्यांतलीच. तेव्हा संशय तिच्यावर जावा, हे स्वाभाविक होते. परंतु परदेशात सिद्ध झालेले उत्तर स्वदेशी पडताळल्यावाचून स्वीकारावयाचे नाही, असा निश्चय एका संशोधकाने केला. त्यांचे नाव करमचंद मेहता.

मेहता यांचा जन्म 1892 चा. केंब्रिज येथे 1922 साली डॉक्टरेट मिळविल्यावर त्यांनी आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करीत या एकाच प्रश्नाचा ध्यास घेतला. सिमल्याच्या फ्लॉवरडेल येथे त्यांनी उभारलेले संशोधन केंद्र आजही चालू आहे. गव्हाची पेरणी कोठे व केव्हा होते, रोगाचे पहिले फोड कोठे दिसतात, त्या वेळी हवामान कसे असते, याची त्यांनी वर्षानुवर्षे नोंद ठेविली. चिकट लेप दिलेल्या काचपट्ट्या ठिकठिकाणी वाऱ्यात धरून त्यांवर बसलेले बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले.

या परिश्रमांतून दारुहळद निर्दोष ठरली. खरे आश्रयस्थान डोंगरांत होते. दक्षिणेतील निलगिरी व पळणी आणि उत्तरेतील हिमालय येथे उन्हाळा सौम्य असतो. तेथे उन्हाळी गहू आणि सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेली रोपे यांवर बुरशी तग धरून राहते आणि मग वाऱ्यावर स्वार होऊन खाली उतरते. काळा तांबेरा प्रामुख्याने दक्षिणेकडून येतो, पिवळा हिमालयातून आणि तपकिरी दोन्हीकडून. म्हणूनच काळा तांबेरा आधी दक्षिणेत दिसतो, मागाहून माळव्यात आणि त्याहून उशिरा उत्तरेत.

येथे शास्त्राचा प्रश्न संपला आणि न्यायाचा प्रश्न उभा राहिला. डोंगरातील उन्हाळी गहू काही काळ बंद करावा व आपोआप उगवलेली रोपे नष्ट करावी, असा उपाय मेहता यांनी सुचविला. पण मैदानातील भाकरीसाठी डोंगरातील गरीब शेतकऱ्याने आपले पीक का सोडावे? त्याची भरपाई कोण करणार? कालांतराने भर पडला तो रोगप्रतिकारक वाणांवर. डोंगरात आणि मैदानात असे वाण लाविले, तर कोणाच्याही तोंडचा घास न काढता रोगाची वाट अडविता येते. बुरशीचेही अनेक वंश असतात आणि एका वंशाला दाद न देणारा गहू दुसऱ्याला बळी पडतो. हे वंश ओळखण्याचे जे काम मेहता यांनी चालविले, त्याचा वाण निपजविणारांना मोठा आधार झाला.

मेहता 1950 साली निवर्तले. त्यांच्या प्रबंधाचा पहिला भाग 1940 मध्ये निघाला होता; दुसरा त्यांच्या पश्चात, 1952 मध्ये, प्रसिद्ध झाला. 1970 नंतरच्या दशकात नागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सूत्र पुढे नेले. बंगालच्या उपसागरात उठणारी चक्रीवादळे निलगिरीवरील बीजाणू मध्य भारतापर्यंत आणतात आणि तेथील पाऊस त्यांना पिकावर उतरवितो, असे त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे रोग येण्यापूर्वीच इशारा देणे शक्य झाले.

काळ्या तांबेऱ्याचा एक नवा, प्रखर वंश 1998 साली युगांडात आढळला आणि पुढे येमेन व इराणपर्यंत पोहोचला. शिवाय हवामान बदलत असल्याने थंडीची व पावसाची जुनी गणिते चुकू लागली आहेत. अशा वेळी मेहता यांची शिकवण विसरता येणार नाही. शेताला बांध असतो, रोगाला नसतो. ज्याच्या शेतात रोग दिसतो त्याने एकट्याने करावयाचे हे काम नव्हे. डोंगराने मैदानाची आणि मैदानाने डोंगराची काळजी वाहिली, तरच दोघांच्या घरी धान्य येईल.