संकटकाळचा ईस्टर

ईस्टर हा प्रभु येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस. परंतु ज्याच्या दारीं मृत्यु उभा आहे, त्यास या आनंदाचा अर्थ काय? जर्मनींत १९४५ सालीं या प्रश्नाचें एक उत्तर मिळालें.

हिटलरच्या राजवटीस विरोध करणारे धर्मोपदेशक डीट्रिख बोनहॉफर दोन वर्षें कैदेंत होते. त्या सालीं ईस्टर १ एप्रिलला आला. पुढल्या रविवारीं बव्हेरियांतील शोनबर्ग गांवच्या शाळेंत कोंडलेल्या कैद्यांनीं त्यांस उपासना चालविण्याची विनंति केली. कैद्यांत बरेच कॅथलिक होते, एक नास्तिक रशियनहि होता. म्हणून बोनहॉफर प्रथम कचरले. सर्वांचा होकार मिळाल्यावरच ते उठले. यशयाच्या ग्रंथांतील जखमांचें वचन आणि पेत्राच्या पत्रांतील जिवंत आशेचें वचन, या दोहोंवर ते बोलले. उपासना संपते न संपते तोंच त्यांस न्यावयास माणसें आलीं. दुसऱ्या दिवशीं, ९ एप्रिलला, पहांटे फ्लोसेनब्युर्गच्या छावणींत त्यांस फांशी देण्यांत आली. २३ एप्रिलला अमेरिकन सेना तेथें पोंचली.

सुटका दोन आठवडे उशिरां आली. मग ती आशा फोल ठरली काय? ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, नाहीं. संकट टळेल असें वचन ईस्टर देत नाहीं. स्वतः प्रभूचाहि वधस्तंभ टळला नाहीं. शेवटचा शब्द मृत्यूचा नव्हे, एवढेंच ईस्टर सांगतो. आणि मरणाच्या आदल्या दिवशीं दुसऱ्यांस धीर देण्यास तेवढें पुरतें.