नायकुंडची भट्टी



लहानपणी सटाण्यात मला विळे-खुरपी शेवटून आणायला लोहाराकडे पिटाळत. नंबर लागेपर्यंत भात्याची दोरी आपसूक माझ्या हातात यायची. "हळू रे पोरा, आग फुलवायचीय, उडवायची नाही," लोहारबाबा ओरडायचे. हे लोखंड येतं कुठून, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "भंगारातून." त्यांच्या हातातला तुकडा ट्रकचा कमानपाटा होता.

उत्तर खरं होतं, पण अर्धं. भंगाराच्या आधीचं लोखंड शोधायला फार लांब जावं लागत नाही. आमची आरम नदी गिरणेला मिळते. त्याच गिरणेकाठी, चाळीसगाव तालुक्यात, बहाळला 1950च्या दशकात उत्खनन झालं. ताम्रपाषाण वस्तीच्या वरच्या थरात तिथे लोखंड मिळालं. पण लोखंडाची वस्तू मिळणं वेगळं आणि ते जिथं तयार झालं ती भट्टीच मिळणं वेगळं. ती मिळाली नायकुंडला.

नायकुंड नागपूर जिल्ह्यात, पेंच नदीकाठी. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अरविंद जामखेडकर यांनी 1978 ते 1980 या काळात तिथे खणलं. मोठमोठ्या दगडांची वर्तुळं रचून त्यात मृतांना पुरणाऱ्या लोकांची ही वस्ती, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची. भट्टी म्हटलं की आपल्याला भिलाईची धुराडी आठवतात. ही जेमतेम 30 सेंटिमीटर व्यासाची, घरातल्या घमेल्याएवढी! बाक दिलेल्या मातीच्या विटा, भात्याचा वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि आसपास सुमारे 40 किलो मळी.

गंमत अशी, की त्या लोकांनी लोखंड वितळवलंच नाही. त्याला 1538 अंश उष्णता लागते. कोळसा आणि हातभात्यावर ती साधत नाही. कोळशातून निघणारा वायू खनिजातला प्राणवायू ओढून घेतो, दगडमाती वितळून मळी होते आणि मागे उरतो एक सच्छिद्र, ओबडधोबड गोळा. तो पुन्हा पुन्हा तापवून ठोकायचा, आतली मळी बाहेर येईपर्यंत. म्हणजे खरं काम भट्टीनंतर, घणाखाली. विदर्भातल्या त्या काळच्या कुऱ्हाडींवर पातं दांड्याला घट्ट बसावं म्हणून लोखंडी पट्ट्या आडव्या आवळलेल्या दिसतात. हातातून निसटणाऱ्या कुऱ्हाडीचा अनुभव असल्याशिवाय हे सुचत नाही.

टाकाऊ मळीही आपल्याकडे वाया गेली नाही. आयुर्वेदातला मंडूर म्हणजे हीच लोखंडाची मळी, आणि तो जितका जुना तितका चांगला, असं वैद्य मानतात.

सह्याद्रीत ही विद्या पुढे धावड समाजाकडे राहिली. महाबळेश्वरच्या रानात ते दगडातून लोखंड काढत. त्याला कोळसा लागे ढिगांनी, आणि कोळशासाठी झाडं. एकोणिसाव्या शतकात जंगल राखण्यासाठी त्यांच्या भट्ट्या बंद झाल्या. शिवाय विलायतेचं स्वस्त लोखंड येऊ लागलं होतंच. दगडातून लोखंड काढणारे गेले, लोखंडाला आकार देणारे राहिले. म्हणून कमानपाटा.

परवा सटाण्याला गेलो होतो. लोहारबाबांचा नातू बसतो आता दुकानात. भात्याच्या जागी विजेचा पंखा घोंघावतो. पण विळा पाण्यात घालण्याआधी तो त्याचा रंग निरखतो, आणि तेवढा वेळ कोणी बोललेलं त्याला चालत नाही.