पाठ टेकल्यानंतरची कुस्ती



एखाद्याचा पुरता पराभव झाला की त्याला 'अस्मान दाखविले' असे मराठीत म्हणतात. इथे लखनौच्या इंदिरानगरात बोलल्या जाणाऱ्या हिंदीतही हाच शब्दप्रयोग रूढ आहे. तो कुस्तीच्या हौदातून आला हे उघड आहे. ज्याची पाठ मातीला लागली त्याच्या डोळ्यांपुढे आकाशच येणार, आणि ते एकदा दिसले की कुस्ती निकाली झाली. पैलवानाचे सारे शिक्षण हा क्षण टाळण्यासाठी असते. दहा-बारा वर्षांच्या पोराला वस्ताद हौदात उतरवितो तेव्हापासून त्याच्या अंगात एकच गोष्ट मुरविली जाते : काहीही होवो, पाठ लागता कामा नये.

अशा रीतीने वाढलेला मनुष्य तिशी ओलांडल्यावर, लंगोट खुंटीला अडकवून ठेवल्यानंतर, जेव्हा ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकावयास जातो, तेव्हा त्याला पहिल्याच दिवशी पाठीवर निजावयास सांगतात. कुस्ती जिथे संपते तिथून या विद्येचा आरंभ होतो. हा बदल वाटतो तितका सोपा नाही. तो का सोपा नाही आणि तरीही माणसे तो का पत्करतात, हे समजण्यासाठी प्रथम थोडे मागे जावे लागेल.

एका विद्येतून दुसरीत जाण्याची ही वाट नवी नव्हे. १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळविले, हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या खर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकतही वारंवार सांगितली जाते. परंतु त्या गटाचे सुवर्णपदक कोणी जिंकले याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. तो जपानचा शोहाची इशी. इशी मुळात कुस्तीगीर नव्हताच. तो जुदोचा खेळाडू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या अंमलाखाली जपानात जुदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. जाधव हे मातीतून गादीवर आलेले. १९४८ साली लंडनला ते ५२ किलो गटात सहावे आले, तेव्हा गादीचा त्यांचा सराव अगदी थोडा होता. म्हणजे हेलसिंकीत समोरासमोर आलेल्या त्या दोघांनीही आपली मूळ विद्या मागे ठेवून दुसऱ्या नियमांची कुस्ती आत्मसात केली होती. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत आजही 'माती' आणि 'गादी' असे दोन विभाग ठेवावे लागतात, यावरून एवढ्या एका पायरीचे अंतरही किती मोठे असते याची कल्पना यावी.

इशी जुदोतून कुस्तीत आला. ब्राझीलची वाट याच प्रदेशातून, पण निराळ्या दिशेने गेली. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोकियोत जुदोची 'कोदोकान' ही संस्था काढली. तिच्या शिष्यांपैकी मित्सुयो माएदा हा जगभर फिरून पैशांसाठी कुस्त्या करीत असे. लंडनमध्ये तो पाश्चात्य पद्धतीच्या कुस्तीच्या फडातही उतरला होता. १९१४ साली तो ब्राझीलला पोहोचला आणि पुढे बेलें शहरात स्थायिक झाला. तेथे कार्लोस ग्रेसी नावाच्या तरुणाने त्याच्याकडून ही विद्या घेतली, आणि कार्लोसकडून ती त्याच्या भावांकडे गेली. त्यांतला हेलिओ अंगाने किरकोळ होता. जड प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटणे त्याला जमण्यासारखे नव्हते. खाली पडणे अटळच असेल तर खाली पडल्यावर काय करता येईल, या प्रश्नावर ग्रेसी घराण्याने पिढ्या घालविल्या. (हीच विद्या पूर्वेकडूनही भारतात आली होती. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शिंझो ताकागाकी यांनी १९२९ पासून शांतिनिकेतनात जुदो शिकविला. पण ते बीज आपल्याकडे तसे रुजले नाही.)

त्या प्रश्नाचे उत्तर असे. पाठीवर पडलेल्या मनुष्याचे दोन्ही पाय मोकळे असतात. हात दमतात, पण मांड्यांचे बळ हातांहून कितीतरी अधिक असते. वरच्या प्रतिस्पर्ध्याला दोन पायांच्या मध्ये अडकवून ठेवले तर त्याचे वजन त्याच्या कामी येत नाही. उलट त्याचा एखादा हात पुढे आला की तो कोपरात उलटा ताणता येतो, किंवा त्याची मान आणि एक हात मिळून पायांच्या त्रिकोणात आवळता येतात. या स्थितीला त्या विद्येत 'गार्ड' म्हणतात. कुस्तीच्या पंचाने जिथे निकाल दिला असता, तिथे ही झुंज रंगात येते.

१६ डिसेंबर १९९४ रोजी अमेरिकेतील टल्सा शहरी हे सर्वांना दिसले. हेलिओचा मुलगा रॉयस याच्यासमोर डॅन सेव्हर्न हा छत्तीस वर्षांचा नामांकित कुस्तीगीर उभा होता; वजनाने रॉयसच्या दीडपटीच्या जवळपास. सेव्हर्नने त्याला खाली घेतले आणि जवळजवळ पंधरा मिनिटे खालीच दाबून ठेवले. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसलेल्या कोणत्याही प्रेक्षकाने ती कुस्ती सेव्हर्नची म्हटली असती. परंतु सोळावे मिनिट संपावयाच्या आत रॉयसच्या पायांचा त्रिकोण बसला आणि वर असलेल्या सेव्हर्नलाच हार मानावी लागली.

आपल्या ओळखीचे उदाहरण याहून जवळचे आहे. भारतीय महिला कुस्तीगिरांची राष्ट्रीय शिबिरे अनेक वर्षे याच लखनौत भरत आली. हरियाणातील बलाली गावच्या फोगाट भगिनींपैकी रितू फोगाट हिने २०१७ साली तेवीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले, आणि २०१९ साली, पंचविशीच्या उंबरठ्यावर, ऑलिंपिकची वाट सोडून ती सिंगापूरला मिश्र युद्धकला शिकण्यास गेली. तेथे ठोसे आणि लाथा यांबरोबर जिउ-जित्सूही शिकणे भाग असते. कुस्तीच्या बळावर तिने एकामागून एक लढती जिंकल्या. समोरच्या मुलीला खाली घेणे तिच्या हातचा मळ होता. ३ डिसेंबर २०२१ रोजी एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत तिची गाठ थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सशी पडली. स्टॅम्पची कीर्ती लाथा-ठोशांच्या खेळातली. तरी दुसऱ्या फेरीत तिने रितूचा हात कोपरात पकडला आणि लढत संपली. कुस्तीत जन्म घालविलेल्या मुलीला कोपराच्या पेचात धरणारी ही थाई मुलगी स्वतःही त्या विद्येत बाहेरूनच आलेली होती.

असे का होते? पैलवानाच्या चांगल्या सवयीच त्याला इथे घातक ठरतात. खाली सापडलेला पैलवान पाठ वाचविण्यासाठी झटकन पालथा होतो. मातीत हा प्राथमिक बचाव आहे. जिउ-जित्सूत पालथे होणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आपली पाठ देणे. तो पाठीवर स्वार होऊन पायांनी कंबर आवळतो आणि गळ्याभोवती हात घालतो. स्पर्धेचे गुण पाहिले तरी हे स्पष्ट होते. ज्या पटकीसाठी पैलवानाने आयुष्य वेचले, तिला दोन गुण. पायांचा अडसर ओलांडून पलीकडे जाण्याला तीन. आणि छातीवर किंवा पाठीवर स्वार होण्याला चार. शिवाय अंगात जाड सुती अंगरखा असतो. उघड्या, मातीने माखलेल्या अंगाशी झुंजलेल्या हातांना कापड धरण्याची सवय नसते, आणि त्याच कापडाची कॉलर फासासारखी गळ्याशी येते हे पहिले काही आठवडे ध्यानातच राहत नाही.

याचा अर्थ त्याने आणलेली शिदोरी वाया जाते असे मुळीच नाही. तोल, पकडीचे बळ, वजन कुठे टाकावे याची जाण, दम धरण्याची ताकद या गोष्टी नवशिक्याला मिळवावयास वर्षे लागतात; त्या याच्यापाशी आयत्या असतात. अडचण ज्ञानाची नसून मानाची आहे. चाळिशीच्या आसपासच्या माणसाला, ज्याच्या गावी यात्रेत नावाचा पुकारा होत असे, आता पांढरा पट्टा बांधून रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते. पांढऱ्यानंतर निळा, जांभळा, तपकिरी आणि मग काळा. काळ्यापर्यंत पोहोचण्यास बहुधा दहा वर्षे लागतात. त्याच्याहून वीस किलो हलका, कधी जोर-बैठका न काढलेला एखादा कारकून त्याचा हात पेचात धरतो, आणि तेव्हा त्याला थाप मारून हार कबूल करावी लागते.

ही थाप त्याला सर्वांत जड जाते. कुस्तीत अशी खूणच नाही. पाठ लागली की नाही ते पंच पाहतो, आणि लागेपर्यंत सोसणे हेच पौरुष. इथे मात्र कोपर किंवा खांदा पणाला असतो. १९५१ साली रिओच्या माराकाना मैदानावर जपानचा मासाहिको किमुरा याने हेलिओ ग्रेसीचा हात खांद्यामागे पिरगाळला. हेलिओने थाप मारली नाही, हाड मोडले, आणि शेवटी त्याच्या बाजूनेच लढत थांबविली. ज्या पेचाने तो हरला त्याला त्याच्याच परंपरेत आजही 'किमुरा' म्हणतात. जेत्याचे नाव पराभूताने आपल्या शाळेत नित्य घ्यावे, ही गोष्ट आपल्याकडच्या तालमींनाही विचार करण्याजोगी आहे.

वयाचा हिशेब मात्र या विद्येत उलटा आहे. मातीतला पैलवान तिशी उलटली की मागे सरू लागतो. खुराक परवडत नाही, गुडघे बोलू लागतात, जोडीला नवी पोरे येतात. जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तिसाव्या वर्षी प्रौढांचा पहिला गट सुरू होतो, आणि पुढे दर पाच-सहा वर्षांनी एकेक नवा गट येत जातो. सुजून घट्ट झालेले कान घेऊन आलेला पैलवान तिथे पाहिल्याबरोबर ओळखू येतो. जुने खेळाडू आपसात नजरानजर करतात, आणि आज याच्यासमोर उभ्याने झोंबी घ्यावयाची नाही, सरळ खाली बसावयाचे, असे ठरवितात.