दारू आणि धास्ती, दोन्हींवर एकत्र उपचार

महाराष्ट्र, गोवा व बेळगावकडून आलेल्या समुपदेशक मित्रमैत्रिणींनो,

म्हैसूरच्या विजयनगरात तुमचं मनापासून स्वागत. लोक म्हैसूरला राजवाडा आणि दसरा पाहायला येतात. आपल्यासाठी या शहराची ओळख आणखी एक आहे. इथल्या विद्यापीठात १९२४ साली एम. व्ही. गोपालस्वामी यांनी मानसशास्त्राचा विभाग उभा केला.

आता आपल्या विषयाकडे येऊ. पिणारा माणूस समोर आला की आपण विचारतो, किती घेतोस, कधीपासून घेतोस. घेण्याआधी मनात काय चाललेलं असतं, हे विचारायचं राहून जातं. अनेकांच्या मनात तिथे धास्ती असते. चारचौघांत बोलायची, कर्जाची, रात्री झोप न येण्याची. दोन घोटांनी छाती हलकी होते. नशा उतरली की धडधड, घाम, थरथर अधिक जोराने येते आणि हात पुन्हा बाटलीकडे वळतो. दारू सोडवली आणि धास्ती तशीच राहिली, तर अर्धंच काम झालं. सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याची उपचारपद्धती, मला मोलाची वाटते ती इथे. धास्ती वाढवणारा विचार पकडून तपासायचा, टाळलेल्या प्रसंगाला थोडंथोडं सामोरं जायचं. तलफ कशाने येते ते ओळखून ती ओसरेपर्यंत काय करायचं, हे आधीच ठरवायचं. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. तिथे आधी डॉक्टर हवाच.

आपल्या भागात या कामाची वाट आधीच पडलेली आहे. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार मराठीत रुजवला. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर समुपदेशनाचा अभ्यास केला. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के घातक पिण्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. फरक शंभरात दहा जणांचा, पण तो प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळालेला आहे. म्हणूनच मी तो फार मोठा मानतो.

इथल्या चर्चांमध्ये, रुग्णांची ओळख झाकून, फसलेल्या केसेसही मोकळेपणाने मांडा. आणि परत गेल्यावर प्रत्येकाने आपल्या भागातल्या निदान एका आरोग्यसेविकेला समुपदेशनाचं हे काम शिकवायला घ्यावं, ही स्वागत समितीच्या वतीने माझी विनंती.