जळकं मोबिल ओतायचं कुठे?

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या रायपुरात गाड्यांचं ऑइल बदललं जातं आणि निघालेलं जळकं मोबिल कुणीतरी घराशेजारच्या डबक्यात ओततं. डास होऊ नयेत म्हणून. उपाय अगदीच खोटा नाही. तवंगाखाली अळ्या गुदमरून मरतात. पण दोन जोरदार सरी आल्या की तोच तवंग नाल्यात, आणि नाल्यातून खारून नदीत. त्यापेक्षा डबकं मुरुमाने बुजवा, कूलर आठवड्याला कोरडा करा.

काही जण हे मोबिल खरूज झालेल्या कुत्र्याला चोळतात. कृपा करून नको. कुत्रं अंग चाटतं, आणि या तेलात झिजलेल्या धातूचा चुरा, काजळी, शिवाय कर्करोगाला कारण ठरणारी काही रसायनं असतात. आपल्या हातांनाही ते बरं नव्हे.

खरं तर इंजिनात तेल मळतं, त्यातली पूरक रसायनं थकतात. मूळ तेल बरंचसं शाबूत राहतं. कारखान्यात ते गाळून, निर्वात ऊर्ध्वपातन करून पुन्हा वंगण करता येतं, लिटरमागे साधारण ६०० मिलिलिटर. म्हणून तर २०१६च्या घातक कचरा नियमांत त्याची वेगळी नोंद आहे, आणि १ एप्रिल २०२४पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी वंगण बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे.

मोटारसायकलचं निघतं जेमतेम लिटरभर. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यातच ते भरा, वर नाव लिहा. थंड पेयाच्या बाटलीत तर मुळीच नको, घरात मुलं असतात. त्यात पेट्रोल, रॉकेल, कूलंट, पाणी मिसळू नका. भेसळ झाली की शुद्ध करणं अवघड. जमिनीवर सांडलं तर पाणी न मारता भुसा टाका. फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या.

मग डबा गॅरेजमध्ये द्या. टाटीबंधकडच्या ट्रकवाल्यांपासून गल्लीतल्या मिस्त्रीपर्यंत बहुतेकांकडे ड्रम असतो. तो ड्रम पुढे कोण नेतं, हे मात्र विचारा. जास्त भाव देणारा भंगारवाला ते भट्टीत जाळायलाही विकू शकतो, आणि मग तो धूर आपल्याच छातीत. छत्तीसगढ पर्यावरण संरक्षण मंडळाची परवानगी असलेल्या प्रक्रियादाराकडे ते जातं का, एवढा प्रश्न पुरे. मिस्त्री उत्तर टाळू लागला, तर पुढच्या सर्व्हिसिंगला दुसरं गॅरेज बघा.