कसंही करून या

आपल्याकडे जेवणाचं आमंत्रण देताना एक वाक्य हमखास येतं. गणपती असोत, ईद असो, पोरीचं लग्न असो, फोन ठेवता ठेवता आपण म्हणतो, ‘ते काही चालायचं नाही, कसंही करून या!’ आमच्या कोकणात तर हे वाक्य म्हणजे आमंत्रणातलं मीठ. ते नसेल तर पाहुण्याला वाटतं, बोलावलं ते वरवर बोलावलं. आज मी तुम्हाला अशा एका जेवणाबद्दल सांगणार आहे, जिथं हे वाक्य उच्चारायला बंदी आहे. ते जेवण म्हणजे लहान विमानानं समुद्रकाठच्या गावी जाऊन केलेलं जेवण.

अमेरिकेत हौशी वैमानिकांची एक जुनी म्हण आहे, ‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’. सुट्टीच्या दिवशी विमान काढायचं, जवळच्या एखाद्या धावपट्टीवर उतरायचं, काहीतरी खायचं आणि परत यायचं. खाणं चार-दोन डॉलरचं, पण विमानाचा खर्च धरला तर घास शंभरावर जायचा. आज भाड्याच्या विमानात ती रक्कमही पुरत नाही. हा नुसता श्रीमंती चाळा म्हणावा, तर तसंही नाही. सोबत कुणाला न्यायचं असेल तर मागच्या नव्वद दिवसांत वैमानिकानं किमान तीन उड्डाणं आणि तीन अवतरणं केलेली असावी लागतात. हात चालता ठेवायचा तर कुठंतरी जायला हवं, आणि कुठंतरी जायचं तर जेवणाइतकं चांगलं निमित्त दुसरं नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी कॅलिफोर्नियात होतो. माझ्या शाळासोबत्याचा मुलगा तिथं नोकरी करतो आणि खासगी वैमानिकाचा परवाना बाळगून आहे. तो मला लहानपणापासून चाचा म्हणतो. म्हणाला, “चाचा, शनिवारी मासे खायला नेतो. तुमचं वजन किती?” जेवायला बोलावणाऱ्यानं आधी वजन विचारल्याचा हा माझा पहिलाच अनुभव! पण लहान विमानात माणसं, पेट्रोल, पिशव्या यांची बेरीज करावीच लागते.

विमान सेसना १७२. हे मॉडेल १९५५ साली पहिल्यांदा उडालं आणि आजवर चव्वेचाळीस हजारांहून जास्त बनली. चार जणांची जागा, पंख डोक्यावर. पालो आल्टोच्या खाडीकाठच्या विमानतळावर त्यानं टाकीत पट्टी बुडवून पेट्रोल मोजलं. मग खालून थोडं काचेच्या नळीत काढून उजेडात धरलं, पाणी तर नाही ना मिसळलं! जायचं होतं हाफ मून बेला. गाडीनं पाऊण तास, विमानानं पंधरा-वीस मिनिटं. तपासणीतच तास गेला.

वर चढलो. डोंगराच्या पायथ्याशी लांबोडकं तळं दिसलं. ते सॅन अँड्रियास या प्रसिद्ध भूकंपरेषेवरच आहे. डोंगराची कड ओलांडली, आणि पलीकडे समुद्रच नव्हता. पिंजलेल्या कापसासारखं धुकं किनाऱ्यावर पसरलेलं. तिथलं पाणी उन्हाळ्यातही गारठलेलं असतं. त्यावरून दमट हवा आली की तिचं धुकं होतं. आत उन्हानं अंग भाजतं आणि किनारा रजईत झोपलेला असतो. पोरानं एक घिरटी घातली, खाली पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “चाचा, आज नाही.” विमान वळलं. दुपारी आम्ही त्याच्या घरी खिचडी-पापड खाल्ला.

मंडळी, त्या दोन शब्दांचं मोल मला त्याच्याशी बोलताना कळलं. तिथं वैमानिकांना निघण्याआधी चार गोष्टी पारखायला शिकवतात. वैमानिक स्वतः, विमान, भोवतालची हवा, आणि चौथी गोष्ट बाहेरचा दबाव. हा बाहेरचा दबाव म्हणजे कोण? तर आपण! पलीकडे वाट पाहणारे यजमान, शेजारी बसलेला भुकेला पाहुणा, दिलेला शब्द. पोचण्याच्या हट्टाला त्यांच्या शिकवणीत धोका म्हणून वेगळं नाव आहे.

१६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन केनेडी धाकटे आपलं लहान विमान घेऊन निघाले. चुलतबहिणीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. सोबत पत्नी आणि मेहुणी. केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. समुद्रावर धूसर हवा, अंधार, क्षितिज दिसेना. दिशेचं भान सुटून विमानावरचा ताबा गेला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. तिघंही गेली. लग्नघरी जाताना कुणाच्या मनात काय चाललं होतं, हे आपण कोण सांगणार? पण लग्नघराची ओढ आपल्याला परकी नाही.

पुढच्या पंधरवड्यात एका स्वच्छ दुपारी आम्ही पोचलो. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेली ती धावपट्टी, एका अंगाला भाजीची शेतं. टॉवर नाही. उतरणारा प्रत्येक जण रेडिओवर आपला ठावठिकाणा सांगतो आणि दुसऱ्याचा ऐकतो. तिथून चालत प्रिन्सटन नावाच्या कोळीवस्तीत गेलो. धक्क्यावर होड्या, दोर, जाळी, आणि तोच वास, जो आमच्या मिरकरवाड्याला येतो. घटत्या संख्येमुळे सॅमनची व्यापारी मासेमारी तिथं सलग दुसऱ्या वर्षी बंद होती. धक्क्यावर आपल्या बंदीच्या दिवसांसारखीच गप्प शांतता.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, समुद्रातलं सगळं आम्हाला चालतं. पण शिंपल्यांच्या सूपात डुकराचं मांस आणि तळलेल्या माशाच्या पिठात बिअर निघाली! शेवटी तव्यावर भाजलेला रॉकफिश, लिंबू आणि पाव. चव साधी, पण मासा ताजा. विमानाचे पैसे देऊ लागलो, तर पोरगा हसला. तिथल्या कायद्यानं खासगी वैमानिक सोबत्याकडून खर्चाच्या समान वाट्यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही, म्हणजे दोघांत मी फार तर निम्मे द्यायचे. त्यानं तेही घेतले नाहीत. जेवणाचं बिल मात्र मी दिलं.

आग्रह हा आपला मोठा गुण आहे. तो ताटावर करावा, आणखी एक तुकडी वाढावी. वाटेवर तो करू नये. आपल्याकडे विमानं नसतील, पण पावसाळ्यातल्या रात्री, झोप अनावर झालेली असताना, गणपतीला नाहीतर ईदला पोचायचंच म्हणून कशेडीचा घाट उतरणारी मुलं तर घरोघरी आहेत. त्यांच्या गाडीत आपलं ‘कसंही करून या’ बसलेलं असतं.

आता माझ्या मुलाचा फोन आला की मी सांगतो, “डोळे मिटत असतील तर चिपळूणला झोप. सकाळी ये. कालवण दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं.”