घरची बिअर, भाग ३: आधी जागा, मग बर्नर, मग पातेलं

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: "एवढं मोठं भांडं स्वस्तात आणायचं कुठून आणि तापवायचं कशावर?" आज तेवढंच बोलू.

आधी एक गोष्ट. मी ओहायोत राहतो. अमेरिकेत १९७८ साली कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे घरी स्वतःपुरती बिअर करता येते, घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत. पुण्यात, नाशकात बसून ऐकणाऱ्यांनो, आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे. तुम्ही फक्त ऐका.

तर माझी चूक अशी की मी आधी भांडं आणलं. एका गराज सेलमध्ये १० गॅलनचं स्टीलचं पातेलं, ३५ डॉलरला. दिसायला एकदम मंगल कार्यालयातलं. अपार्टमेंटच्या गॅसवर ठेवलं, २५ लिटर पाणी ओतलं. दोन तास झाले तरी उकळी नाही. रूममेट म्हणाला, "अरे, आंघोळीचं पाणी तापवतोयस का?"

मग हिशोब केला, जो इंजिनिअर माणसाने आधी करायला हवा होता. नेहमीची बॅच ५ गॅलनची, म्हणजे १९ लिटर. पण तासभर झाकण न ठेवता उकळावं लागतं, कारण माल्टमधून येणारा उकडलेल्या मक्यासारखा वास वाफेबरोबर जायला हवा. त्यात चार-पाच लिटर उडून जातं, म्हणून सुरुवात २५ लिटरने. एवढं पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला साधारण २.३ युनिट ऊर्जा लागते, युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच. घरच्या गॅसचा बर्नर ९,००० बीटीयूचा, म्हणजे २.६ किलोवॉट. त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते. हातात राहतो जेमतेम एक किलोवॉट. म्हणजे सव्वादोन तास, आणि तेही वर उघडं पातेलं हवेला काहीच उष्णता देत नाही असं धरून! माझं पातेलं आजन्म उकळलं नसतं.

म्हणून अपार्टमेंटमध्ये असाल तर मोठं काही घेऊच नका. माल्ट एक्स्ट्रॅक्ट वापरा, १०-१२ लिटरच उकळा, बाकीचं स्वच्छ गार पाणी नंतर घाला. त्याला २० लिटरचं भांडं पुरतं. साधी १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी १२ लिटर पाणी पाऊण तासात उकळते. फक्त दुकानात जाताना फ्रिजवरचं मॅग्नेट खिशात टाका. बुडाला चिकटलं तरच ते भांडं इंडक्शनवर चालेल. ॲल्युमिनियम चालत नाही. आणि काचेच्या शेगडीवर २५-३० किलो वजन ठेवायचा मोह टाळा.

आता भांडं. आमच्या मराठी मंडळाकडे गणपतीत मसालेभाताला काढतात तो ॲल्युमिनियमचा टोप आहे. मी काकूंना फोन केला.

"काकू, शनिवारी टोप मिळेल का?"

"कशाला रे?"

"सूप करायचंय."

"तीस लिटर सूप?"

मग खरं सांगितलं. काकू म्हणाल्या, "प्रसादाचा टोप आहे तो. त्यात बिअर नाही शिजायची." बरोबरच होतं त्यांचं. पण तो घेतला कुठून ते सांगितलं: हॉटेलवाल्यांना भांडी पुरवणारं दुकान. अशी बरीच दुकानं कोणालाही माल विकतात आणि तिथला ॲल्युमिनियमचा टोप स्टीलच्या केटलपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. ॲल्युमिनियम वाईट असतं हे डोक्यातून काढा. नवीन टोपात आधी नुसतं पाणी उकळून घ्या, आतून काळपट थर येतो, तो घासून काढायचा नाही. कॉस्टिक क्लीनर मात्र लावू नका.

बिअरचे जुने केग कापून केटल करणारे भेटतील. डिपॉझिट सोडलं म्हणजे केग आपला झाला असं होत नाही, तो ब्रुअरीच्याच मालकीचा असतो. त्या भानगडीत पडू नका.

अंगण असेल तर टर्की फ्रायर बघा. थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की तळायला लोक प्रोपेनचा बर्नर आणि ३० क्वार्टचा, म्हणजे २८ लिटरचा टोप असा सेट घेतात, एकदा वापरतात आणि डिसेंबरात विकायला काढतात. मला २५ डॉलरला मिळाला. असे बर्नर ५०,००० बीटीयूच्या आसपास असतात, पाणी अर्ध्या तासात उकळतं. टोप मात्र २५ लिटरला काठोकाठ होतो, उतू जातो, म्हणून २२ वर थांबा. काही बर्नरना १५ मिनिटांचा टायमर असतो, सारखा फिरवत बसावं लागतं.

आणि आता ते, ज्यासाठी खरं तर हा भाग केला. तेव्हा मी गराज असलेल्या भाड्याच्या घरात राहायला गेलो होतो. डिसेंबर, बाहेर बर्फ. मी बर्नर गराजमध्ये लावला, शटर अर्धं वर. आई-बाबा सांगलीहून आले होते, वर झोपले होते. वीसेक मिनिटांनी माझं डोकं जड झालं, मला वाटलं झोप कमी झाली. तेवढ्यात घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. बर्नर बंद केला, दोघांना उठवून तसंच स्वेटरवर बाहेर काढलं, ९११ ला फोन केला. फायर ब्रिगेडवाल्यांनी मीटर घेऊन खोली न् खोली तपासली, मगच आत सोडलं. मोठी ज्योत गार बुडाला आपटते, नीट जळत नाही आणि तो वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. अर्धं शटर उघडं असून उपयोग शून्य.

आई त्या रात्री काही बोलली नाही. सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, "विकत मिळते ना रे ती?"

आता बर्नर फक्त उघड्यावर, भिंतीपासून तीन मीटर लांब. बाल्कनीत प्रोपेन बऱ्याच ठिकाणी चालतच नाही, भाडेकरार वाचा. आणि अलार्मची बॅटरी आज बघा, हा भाग संपला की लगेच.

पुढच्या वेळी उकळलेलं २० लिटर पटकन गार कसं करायचं, तांब्याच्या नळीचा चिलर घरी वाकवून. भेटू.